जहाजावरची म्हातारी

"हे काय पेटलंय इथे?" भास्करकाकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"असू दे, काका," मी म्हटलं.

"असू दे काय? कालपासून बघतोय, लाल दिवा जळतोय. फुकटची वीज."

"भावजी," आई कोपऱ्यातून म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही."

बाबांना जाऊन दुसरा दिवस होता आणि सकाळपासून आई पहिल्यांदाच बोलली होती. काकांनी हात मागे घेतला, पण घेताना माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. दुःखात बायकांच्या डोक्यावर परिणाम होतो आणि शहाण्या पुरुषाने तो सोसायचा असतो, असं त्या भुवया सांगत होत्या.

दिवा व्हिडिओ गेमच्या डब्याचा होता. टीव्हीखालच्या कप्प्यात तो डबा वर्षानुवर्षं बसलेला होता. मी शाळेत असताना काकांनीच तो मस्कतहून आणला होता. 'ओरिजिनल जपानी माल' हे शब्द त्यानंतर प्रत्येक दिवाळीला आमच्या घरात ऐकू यायचे. सोबत एकच कॅसेट. तिच्यावरची अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती, काकांना तर नाहीच, पण ते बोट ठेवून अर्थ सांगायचे.

खेळ एका बुडत्या जहाजाचा. सुरुवातीलाच जहाज खडकावर आपटतं, एका बाजूला कलतं आणि खालून पाणी चढायला लागतं. पांढऱ्या गणवेशातला एक माणूस आपला. जहाजभर विखुरलेल्या पाच प्रवाशांना गोळा करून त्याने वर बांधलेल्या होडीत बसवायचं. चित्रं इतकी ठोकळेबाज, की माणूस कुठला आणि कपाट कुठलं हे कळायलाही सवय लागायची. मी तो आठवडाभर खेळले आणि वाचनालयाच्या पुस्तकांकडे परत गेले. तो खेळ टाकाऊ होता. आजही माझं मत तेच आहे.

बाबांनी मात्र तो उचलला. बाबा कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या आणि वेळेवर सोडायच्या, हे त्यांचं काम. पण सुटत्या गाडीमागे लांबून कुणी पिशवी हलवत धावताना दिसलं, की ते खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरला थांबवायचे. त्यापायी त्यांनी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. रिटायर झाल्यावर दुपारची जेवणं झाली की ते टीव्हीसमोर बसायचे आणि शेजारी आई. रिमोट दोन होते. पहिल्याने माणूस चालायचा. दुसऱ्याने फक्त शिट्टी वाजायची, ती ऐकून भरकटलेले प्रवासी आवाजाच्या दिशेने यायचे. शिट्टीचा रिमोट आईचा.

प्रवाशांची नावं त्या दोघांनीच ठेवली होती. काळ्या कोटातला तो वकील. हातात भोंग्यासारखं काहीतरी असलेला बँडवाला. पांढऱ्या झग्यातली नवरी. जाडा शेटजी. आणि म्हातारी.

"वाजव," बाबा म्हणायचे.

"वाजवली."

"वकील आला. म्हातारी कुठाय?"

"बसलीय. दोन पावलं चालते की बसते मेली."

"अगं, तिला ऐकू कमी येत असेल. जवळ जाऊन वाजवू."

"जवळ जाईस्तोवर पाणी येतं."

"येऊ दे."

आणि पाणी यायचं. म्हातारीला सोडून बाकी चौघांना होडीत बसवलं तरी खेळ पुरा व्हायचा, वाजंत्रीही वाजायची. बाबांना ते मान्य नव्हतं. ते तिच्यासाठी परत खाली उतरायचे आणि तिच्यासकट बुडायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. त्या जुन्या डब्यात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. तो थांबवून ठेवता यायचा, पण वीज तुटली की सगळं पुसलं. त्या काळात आमच्याकडे भारनियमन रोजचं होतं, म्हणून बाबांनी डबा आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले होते.

मी पुण्याहून फोन केला की आई खुशालीबरोबर सांगायची, "आज म्हातारी शेवटच्या जिन्यापर्यंत आली होती." मी विषय बदलून औषधांचं विचारायची.

बाबा गेले त्या सकाळी आई मंडईत गेली होती. ती परत आली तेव्हा टीव्ही बंद होता, डब्याचा दिवा चालू होता आणि बाबा खुर्चीत छातीवर हात दाबून बसले होते. रिक्षात बसताना ते म्हणाले, "गेम थांबवून ठेवलाय. बंद करू नकोस. आल्यावर दोघं बघू." ते दवाखान्यातून आले नाहीत.

आता सुतकात टीव्ही लावायचा नाही ही आमच्या घरातली पद्धत. त्यामुळे त्या काळ्या काचेमागे बाबांनी काय थांबवून ठेवलंय हे आईलाही ठाऊक नव्हतं.

"मला फक्त बघायचंय, कुठवर आणलं होतं ते," ती मला म्हणाली.

"मग लाव ना. मी दार लावते."

"भावजी घरात असताना नको. आवाज होईल, चर्चा होईल. मला आत्ता कुणाशी भांडायची ताकद नाही, वसू. तू तेवढं ते बंद होऊ देऊ नकोस."

एवढंच काम तिने माझ्यावर सोपवलं. बाकी सगळी कामं काकांनी आधीच आपल्याकडे घेतली होती.

बाबांना मुलगा नव्हता. अग्नी मी देईन असं मी म्हटलं होतं. पण मी पुण्याहून पोचेपर्यंत काकांनी गुरुजींशी फोनवरून परस्पर बोलून ठेवलं होतं. "तुझी भावना मी समजू शकतो," ते मला म्हणाले. "पण आपल्यात मुलींनी घाटावर यायची पद्धत नाही." पद्धत हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू तीही त्यांनीच मस्कतहून आणली होती.

बाहेरच्या खोलीत बाबांना ठेवलं होतं त्या जागी पीठ पसरून दिवा लावला होता. तो दहा दिवस विझू द्यायचा नव्हता. तेल घालायचं काम मालनकाकूंकडे होतं, म्हणजे काकांच्या बायकोकडे. लक्ष ठेवायचं काम काकांकडे, म्हणजे पलंगावर पडून "मालन, तेल" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठावर झाकलेली टोपली उचलून त्यांनी पिठातला ठसा पाहिला होता. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे.

"गरुड," काका म्हणाले होते. "स्पष्ट पंख दिसतायत."

"मला तर मुंगी फिरल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

भेटायला येणाऱ्यांसाठी काकांनी एक कहाणी तयार केली होती आणि दिवसागणिक ती वाढत होती. सुरुवातीला दादा शांतपणे गेला होता. पुढे दादाने जाताना भास्करची आठवण काढली. आठवडा भरेस्तोवर दादाने भास्करच्या हातात हात देऊन 'यांना सांभाळ' म्हटलं होतं, आणि ते घडलं तेव्हा काका ठाण्यात आपल्या घरी जेवत होते. कुणी खेळाविषयी विचारलं की ते आवाज खाली आणायचे. "शेवटी शेवटी अगदी लहान मूल झाला होता हो. दिवसभर तो गेम. वहिनीसुद्धा त्याच्या नादाने." समोरचा माणूस मान हलवायचा. मी चहाचे कप उचलायची.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी मागच्या दारी दोरीवरचे कपडे काढत होते. आत आले तर काका टीव्हीच्या खोलीत वाकलेले. एका हातात मोबाइलचा चार्जर. दुसऱ्या हाताच्या चिमटीत डब्याची पिन, अर्धी बाहेर आलेली.

"काका!"

"अगं, दहा मिनिटं. बाहेरच्या बोर्डाला वीज नाही, इथे आहे. उद्या घाटावर मला फोन लागणार. गुरुजींचा, स्वयंपाकाच्या बाईंचा..."

मी पुढे झाले आणि त्यांचा हात तसाच धरून पिन आत दाबली. दिवा एकदा फडफडला. मी पिनवरचं बोट काढलं नाही. तो राहिला.

"मोठ्यांच्या अंगाला हात लावतेस?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. "भावजी, बाहेरचा दिवा विझवायचा नाही म्हणता ना?"

"तो दिवा वेगळा, वहिनी! तो धर्माचा आहे."

"तो तुम्ही सांभाळा. हा मी सांभाळते."

"तुमच्या भल्याचंच सांगतो. असल्या वस्तूंत जीव अडकतो माणसाचा. उद्या पिंडाला कावळा शिवला नाही तर मला विचारू नका."

"नाही विचारणार," आई म्हणाली.

दहाव्याला सकाळी पुरुषमंडळी दोन जीपमधून संगमावर गेली. काकांनी रेशमी उपरणं घेतलं होतं. जीप वळणाआड गेली तशी आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि टीव्हीवरचा कपडा काढून त्याची व्यवस्थित घडी घातली. मग शिट्टीचा रिमोट हातात घेऊन खाली सतरंजीवर बसली.

"आवाज बारीक कर," ती म्हणाली. "लाव."

मी बटण दाबलं. जुना टीव्ही, आधी नुसती सरसर आली, मग निळसर उजेड.

"अगंबाई!" मालनकाकू हातातल्या डावासकट दारात उभ्या होत्या. "वहिनी, सुतकात टीव्ही?"

"बस, मालन," आई म्हणाली. वळूनही न बघता.

काकू बसल्या. डाव मांडीवर.

चित्र आलं. गोठलेलं. एका कोपऱ्यात एक अक्षर उघडझाप करत होतं. जहाज जवळजवळ आडवं झालं होतं आणि पाणी वरच्या कठड्याखाली पोचलं होतं. पलीकडे होडी. आई पुढे सरकली आणि बोटाने काचेला स्पर्श करत मोजू लागली.

"वकील. बँडवाला. नवरी. शेटजी." तिचं बोट थांबलं. "वसू, ही कोण गं? नीट बघ. मला चष्मा नाहीये."

होडीच्या टोकाला करड्या रंगाचा एक ठोकळा होता. वर पांढरा ठिपका.

"म्हातारी," मी म्हटलं.

"आणली," आई म्हणाली. "माझ्या शिट्टीशिवाय आणली."

"आणि हा कोण, बाहेर राहिलेला?" काकूंनी विचारलं.

पांढऱ्या गणवेशातला माणूस कठड्याशी उभा होता. होडीपासून एका उडीवर. सगळे बसले होते आणि तो बाहेर.

मला तेव्हा उलगडलं. ते मध्येच कुठे अडकले नव्हते. सगळं करून झालं होतं. एक बटण दाबायचं राहिलं होतं आणि ते न दाबता त्यांनी खेळ थांबवला, टीव्ही बंद केला आणि खुर्चीत बसून मंडईतून येणाऱ्या आईची वाट पाहिली. छातीत दुखायला आधी लागलं की नंतर, ते आता कळायला मार्ग नाही.

आईलाही ते कळलं असावं. तिने पदर तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला.

"असेच," ती म्हणाली. "सगळ्यांना गाडीत बसवायचं आणि आपण खाली उभं राहायचं. जन्मभर तेच केलं."

"मग आता?" काकू म्हणाल्या.

"आता वसू त्यांना बसवेल." तिने पहिला रिमोट माझ्याकडे सरकवला.

"आई, मी नाही. मी पहिल्याच जिन्यावर मरायची, आठवतंय ना? थांबवलेलं सोडलं की पाणी लगेच चढणार. चुकलं तर परत नाही करता येणार."

"माहितीय मला."

"तूच कर."

"मला चालवता येत नाही, मला शिट्टी येते. उजवीकडे एकदा, आणि लाल बटण. ते रोज करायचे, मी रोज बघायची. मी शिट्टी वाजवली की दाब."

तेवढ्यात फोन वाजला. काका. मी न उचलता कट केला. तो परत वाजला. आईने हात पुढे केला, मी स्पीकर लावून तिच्यापुढे धरला.

"वहिनी, कावळा शिवत नाहीये!" काका ओरडत होते. मागे वारा आणि बरीच माणसं. "अर्धा तास झाला. झाडावर बसलेत, पण एक खाली येत नाही. मी सांगितलं, वहिनींना अंतर देणार नाही. वसूचं लग्न करून देईन म्हटलं..."

"माझं?" मी म्हटलं.

"...सत्यनारायण बोललो, अन्नदान बोललो. आता तुम्ही सांगा, दादाचं काय राहिलंय?"

आईने पडद्याकडे पाहिलं.

"भावजी, तुम्ही कुठे उभे आहात?"

"पिंडापाशी! हात जोडून!"

"आणि बाकीचे?"

"इथेच, सगळे भोवती."

"मग पाखरू येईल कसं? मागे सरका सगळे. लांब. आणि बोलू नका."

"वहिनी, ही वेळ..."

"मागे सरका," आई म्हणाली आणि तिने फोन माझ्या हातातून घेऊन सतरंजीखाली ठेवला. आत काका बोलत राहिले असावेत.

"हं," ती म्हणाली.

मी थांबलेला खेळ सोडला. अक्षर गेलं. पाणी ताबडतोब हललं आणि कठड्यावरून आत आलं. तो माणूस हलेना. त्याचा एक पाय नुसता ठेका धरल्यासारखा आपटत होता; काही न करता उभा राहिला की तो नेहमी असंच करायचा. पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं. मी आईकडे बघितलं. तिचा अंगठा बटणावर होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

"वहिनी, बुडेल हो तो!" काकू ओरडल्या.

आईने शिट्टी वाजवली. पत्र्याच्या खेळण्यातून यावी तशी बारीक, चिरकी.

मी उजवीकडे दाबलं आणि लाल बटण.

तो उडाला. पाण्यावर क्षणभर तरंगल्यासारखा दिसला आणि म्हातारीच्या शेजारी जाऊन बसला.

होडी सुटली. जहाज बुडबुडे सोडत गेलं. तळलेल्या पापडासारखा एक सूर्य उगवला आणि खालून वर अक्षरं सरकायला लागली, आम्हाला कुणालाच न कळणारी, कितीतरी.

"एवढंच?" काकूंनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

शेवटसुद्धा टाकाऊच होता. पण आई अक्षरं संपेपर्यंत बसून राहिली, पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला जावं तशी. मग तिने स्वतः डब्याचं बटण दाबलं. लाल दिवा गेला. तिने कॅसेट ओढून काढली, सवयीने तिच्या खाचेत एक फुंकर मारली आणि ती खोक्यात ठेवली.

काका दुपारी आले ते पायरीवरूनच बोलत.

"शिवला! मी शेवटचा शब्द टाकला, 'दादा, तुझं घर ते माझं घर', आणि तत्क्षणी! चार कावळे! गुरुजी म्हणाले, भाऊ असावा तर असा. मीच मग सगळ्यांना जरा मागे घेतलं होतं, त्याला मोकळीक हवी म्हणून."

"हो का," आई म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या, भावजी. पानं वाढलीत."

काकांची नजर आतल्या खोलीकडे गेली. "बंद केलंत? बरं झालं. त्यातच अडकला होता त्याचा जीव, मी म्हटलंच होतं." मग त्यांनी खिशातून चार्जर काढला आणि मोकळ्या झालेल्या बोर्डात खोचला.

मालनकाकू त्यांच्या पानात भात वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग वरण वाढलं.

तेराव्यानंतर काका ठाण्याला गेले आणि दादाचं घर पुन्हा दादाचं झालं. काका त्यानंतर दोनदा आले, दोन्ही वेळा जेवणाच्या वेळेला. कावळ्याची गोष्ट मात्र ते अजून सांगतात. परवा एका मुंजीत पंगतीत सांगत होते. कावळे आता नऊ झाले आहेत. आई समोरच्या ओळीत बसून शांतपणे जिलबी खात होती.

माझ्या शेजारी काकू होत्या. त्या थोड्या कलल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "वसू, त्या म्हातारीला त्यांनी वरपर्यंत आणलं कसं असेल गं? शिट्टी नव्हती, काही नव्हतं."

"आईपण कधीची तेच विचारतेय," मी म्हटलं. "रोज दुपारी बसते ती. दोन्ही रिमोट घेऊन."

"मग?"

"म्हातारी अजून दोन पावलं चालते आणि बसते."